पहिल्या पिल्लानंतरची सुई

विजयसिंहांच्या फार्मवर मेलेलं पिल्लू जन्माला आलं की दोष कुणाचा, हे ठरलेलं होतं. दोष डुकरिणीचा. ती म्हातारी झाली, ती जाड झाली, तिचं पोट साफ नव्हतं, तिच्या अंगात रक्तच नाही. यात माणसाचा दोष निघायला कुठे जागाच नव्हती. विणीच्या खोलीत ज्याचा शब्द चालायचा त्या केरबाला तर अशी जागा असावी असं कधी वाटलंही नव्हतं.

फार्म गडमुडशिंगीच्या माळावर. साठ माद्या, सगळ्या पांढऱ्या यॉर्कशायर, कानात पिवळे बिल्ले. विजयसिंहांनी हा धंदा काढला तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती. त्यांची सख्खी आत्या अजूनही फार्मवर आली तर पाणी पीत नाही, गाडीतनं उतरतसुद्धा नाही. गोव्याचा ट्रक मात्र दर पंधरवड्याला येतो आणि भरून जातो.

केरबा इथे चौदा वर्षं होता. पंचावन्नचं वय, बारीक अंगकाठी आणि बाईसारखा लहान हात. अडलेल्या मादीच्या पोटात तो हात कोपरापर्यंत जायचा आणि आडवं आलेलं पिल्लू अलगद सरळ करून बाहेर यायचा. सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं म्हणत, मग चेष्टा गेली आणि नाव राहिलं. खरी डॉक्टर, संयोगिता मॅडम, महिन्यातनं एकदा शहरातनं यायची. तिलाही तो 'म्याडम, ही बघा, हिला जरा अशक्तपणा हाय' असं ऐटीत सांगायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

गेल्या वर्षभरात मात्र मेलेली पिल्लं वाढली. पूर्वी एका वेतात बारा झाली तर एखादं जायचं. आता दोन जायची, कधी तीन. माघ संपता संपता संयोगिता मॅडम आली, सगळ्या माद्यांची कार्डं मांडून बसली आणि दोन तास कुणाशी बोलली नाही. मग तिनं विजयसिंहांना एकेक कारण सांगितलं. मादीचं वय जास्त असलं की पिल्लं दगावतात. पिल्लं फार असली की शेवटची दगावतात. वीण लांबली, बद्धकोष्ठ असलं, खोलीत उकाडा असला, शेजारी लक्ष ठेवायला कुणी नसलं, कळा येण्याचं इंजेक्शन उगाच दिलं, तरीही दगावतात.

"इंजेक्शन कधी देता, मामा?" तिनं केरबाला विचारलं.

"अडली तर देतो की."

ती "ठीक" म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. कार्डावर इंजेक्शनचा रकाना कोरा होता. केरबा खोटं बोलला नव्हता, निदान त्याच्या मते तरी.

विजयसिंहांनी त्या लांबलचक यादीतलं एकच कारण उचललं आणि ते म्हणजे वय. बाकीच्या कारणांसाठी काहीतरी बदलावं लागलं असतं, पंखे बसवा, माणूस वाढवा, खाणं बदला. वयासाठी फक्त ट्रक बोलवावा लागत होता. सहाव्या वेताच्या पुढच्या नऊ माद्या निघाल्या. त्यातल्या पाच जणींची पिल्लं दुधावरून सुटली होती, त्या पुढच्या शनिवारी गोव्याला जाणार. उरलेल्या चौघी पोटुशी होत्या. त्या व्याल्या, पिल्लं सुटली, की त्यांचीही पाळी.

केरबाला ते झोंबलं. त्या नऊही जणी त्याच्या हातच्या होत्या. त्यांच्या पहिल्या वेतापासून तो त्यांच्या उशाशी होता. त्यांतल्या नऊ नंबरच्या बिल्ल्याच्या मादीला तो 'थोरली' म्हणायचा. ती त्याचा आवाज ऐकला की उठून बसायची. पण मालकानं ठरवलं होतं आणि डॉक्टरनं कागदावर लिहिलं होतं. त्यावर केरबा काय बोलणार? म्हातारपणाला औषध नाही, असं स्वतःलाच समजावून त्यानं मान हलवली.

आता त्या सुईविषयी सांगितलं पाहिजे, कारण केरबा तिच्याविषयी कधी बोलायचा नाही. लपवायचं म्हणून नव्हे, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी एक मादी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर व्याली. सकाळी केरबा आला तर अकराच्या अकरा पिल्लं मेलेली. नऊ तिच्या अंगाखाली, दोन गारठून. त्या सकाळी केरबा घमेलं भरताना रडला होता आणि आपल्याला असं डुकरांसाठी रडू येतंय याची त्याला लाजही वाटली होती. त्यानंतर फार्मवर पद्धत पडली की सगळ्या विणी दिवसाउजेडी व्हायच्या. आदल्या सकाळी डॉक्टरांनी नेमलेलं एक औषध दिलं की दुसऱ्या दिवशी वीण लागायची, ते ठीकच होतं. पण वीण लागली तरी ती संपायला हवी, सहाच्या बसच्या आत. तेव्हाच्या म्हाताऱ्या सरकारी डॉक्टरनं जाता जाता सांगितलं होतं, कळा थांबल्या तर कळांचं इंजेक्शन एक मिली दे. केरबानं पहिल्यांदा दिलं तेव्हा पिल्लं धडाधड बाहेर आली. दुसऱ्यांदाही आली. मग हळूहळू 'कळा थांबल्या तर' गळून पडलं आणि 'दे' तेवढं उरलं. पहिलं पिल्लू बाहेर आलं, पुसलं, लाल बल्बखाली ठेवलं, की सुई. प्रत्येकीला. पुढे एक मिलीनं भागेना म्हणून दोन, आणि गेल्या वर्षापासून म्हाताऱ्या माद्यांना तीन. कार्डावर लिहायचं काय? मादीला पाणी दाखवलं हे तरी कोण लिहितं?

आणि 'अडली' म्हणजे काय, हेही केरबाचं केरबानंच ठरवलेलं. पहिलं पुसून होईतो दुसरं पिल्लू आलं नाही, की अडली. हा माणूस स्वभावानंच उतावळा होता. चहा गार व्हायची वाट बघता येत नाही म्हणून तो बशीत ओतून पिण्यापुरताही थांबायचा नाही, जीभ भाजून घ्यायचा.

शनिवारच्या आधीचा रविवार आला. त्या दिवशी कागलला केरबाच्या भाचीचं लग्न. हा सख्खा मामा, मुलीला बोहल्यावर आणायला हाच हवा, त्यामुळे चुकवायची सोय नव्हती. आणि नेमके त्याच दिवशी तीन माद्यांचे दिवस भरत होते, पुढे ढकलता येईना. त्यात थोरली आणि एकवीस नंबर.

केरबानं खोलीची जबाबदारी गुंडूवर सोपवली. दुसरं कुणी नव्हतंच. गुंडू चाळिशीचा, अंगानं दांडगा, कामाला सावकाश. इतका सावकाश की त्याला पाण्याची बादली आणायला पाठवलं तर विहीर खणून येतोय की काय असं वाटावं. त्याच्यावर फार्मवर सगळे हसायचे, केरबा सर्वांत जास्त.

"पहिलं पिल्लू आलं की सुई दे," केरबानं तीन-तीनदा बजावलं. "फ्रिजात हाईत. मानंत टोचायची, कानामागं. तिघींना पण. काय कळलं?"

"व्हय, तात्या."

"काय कळलं ते सांग."

"सुई द्यायची."

कागलच्या मंगल कार्यालयात केरबा फेटा बांधून उभा होता, पण जीव इकडे. अक्षता हातात असताना त्यानं फोन लावला.

"दिलीस काय रं?"

"दिली की."

"तिघींना?"

"थोरलीला आन् एकवीसला दिली. तिसरी अजून लागायची हाय."

केरबाचा जीव भांड्यात पडला. तरी जेवणाची पंगत संपायच्या आत तो निघाला. साडेचारला फार्मवर पोचला तो फेट्यासकट. गेटजवळच्या न्हाणीत अंघोळ करून, फार्मचे कपडे चढवून तो विणीच्या खोलीत शिरला. गुंडू थोरलीच्या पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसला होता. हात मांडीवर, नजर समोर, जसं कुणी एसटीची वाट बघत बसावं.

"किती?" केरबानं विचारलं.

"थोरलीला तेरा. एकवीसला बारा. तिसरीला तेराच. आत्ताच संपली."

"मेलेली किती?"

"एक. काळं पडलेलं, आक्रसलेलं. ते आत लई दिवसापूर्वीच गेलं असणार."

"आन् बाकीची?"

"कुठली बाकीची?"

केरबा खाली वाकला आणि पिल्लं मोजायला लागला. थोरलीजवळ तेरा, सगळी आचळाला, ढुशा मारत. एकवीसजवळ अकरा. तिसरीजवळ तेरा. त्यानं परत मोजली. अडतीस पिल्लांत एक मेलेलं, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसेना. निदान सहा तरी जायला हवी होती. मग त्याला वाटलं की गुंडूला भीती वाटली असणार, ह्यानं मेलेली कुठेतरी टाकली.

तो काही न बोलता बाहेर गेला. शेडमागच्या चुन्याच्या खड्ड्यात फक्त ते एक काळं पिल्लू होतं. त्यानं काठीनं चुना उकरला. कचऱ्याचं पिंप उपडं केलं. उसाच्या बांधापर्यंत जाऊन आला, कुत्र्यांनी काही ओढलंय का ते पाहिलं. परत आला तो तापूनच.

"मेलेली कुठं टाकलीस? खरं सांग, मी वराडणार न्हाई," असं तो ओरडूनच म्हणाला.

"न्हाईतच की तात्या. आईच्यान."

"थोरलीला म्हातारपणी तेरा जिवंत? मला शिकवतोस व्हय?"

गुंडूनं मान खाली घातली. तसाच म्हणाला, "तात्या, एक चुकलंया."

"बोल."

"सुई दिलीच न्हाई मी. कुणालाच. मला टोचाय भ्या वाटतंय. म्हटलं जरा थांबू, आपोआप येत्यात का बघू. येत गेली. कवा पंधरा मिंटं, कवा वीस. थोरलीनं एकदा लई वेळ लावला, तवा रडाय आलतं मला. पण मग आलं. तुमच्या फोनला खोटं बोललो."

केरबानं फ्रिज उघडला. कुप्या जशाच्या तशा रांगेत होत्या. त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली, गुंडूला, त्याच्या आळशी हाडांना. मग त्यानं फ्रिजचं दार आपटून लावलं. मागे अडतीस वजा एक पिल्लं दूध पीत होती आणि त्यांचा तो बारीक चुरुचुरु आवाज खोलीभर भरला होता.

"नशीब," तो शेवटी म्हणाला. "येखाद्या दिवशी हुतं आसं."

मंगळवारी सतरा नंबर लागली. पाचवं वेत. पहिलं पिल्लू आलं, केरबानं पुसलं, बल्बखाली ठेवलं आणि हात फ्रिजकडे गेला. तो हात त्यानं परत आणला. कुपी तबकात ठेवून तो गुंडूच्या स्टुलावर बसला. नुसतं बसला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाराव्या मिनिटाला तो उठला, मादीच्या पोटावरून हात फिरवला, परत बसला. पंधरा. आपण इथं बसून एका जित्या जनावराला मारतोय, असं त्याला वाटायला लागलं. अठराव्या मिनिटाला दुसरं पिल्लू सुळकन आलं, नाळेसकट, आणि उठून चालायला लागलं. नाळ ओली, लांब, अखंड होती.

केरबा त्या नाळेकडे बघत राहिला. सुई दिल्यावर नाळा कशा यायच्या ते त्याला आठवलं. तुटलेल्या, आखूड. मादीचं पोट आवळून आवळून पिल्लांना बाहेर ढकलायचं, नाळ आतच तुटायची, आणि ज्याची पाळी शेवटची त्याचा श्वास आतच अडायचा. अशी पिल्लं अंगभर पिवळी, चिकट होऊन यायची. भीतीनं आणि गुदमरून आतच हगलेली. ही पिवळी पिल्लं त्यानं शेकड्यांनी पाहिली होती. म्हातारीच्या पोटची म्हणून पिवळी, असं तो बारा वर्षं सांगत आला होता. संयोगिता मॅडमनं एकदा समजावलंही होतं, पिवळं पिल्लू म्हणजे गुदमरलेलं पिल्लू. त्यानं मान डोलावली होती आणि ऐकलं नव्हतं.

सतरा नंबरला साडेतीन तास लागले. बारा झाली, बारा जगली. बुधवारी पोटुशी चौघींतली एक व्याली. तिला चौदा झाली. एकदा चाळीस मिनिटं काहीच येईना तेव्हा केरबानं हात घातला, दोन पिल्लं एकमेकांत अडकलेली सोडवली. त्यातलं एक गेलं. एकच. ते पिवळं होतं, आणि घमेल्यात टाकायच्या आधी केरबा ते फडक्यानं पुसत बसला.

गुरुवारी संध्याकाळी घरी तो जेवला नाही. त्याची बायको बयाबाई हिच्यापासून काही लपत नसे, आणि तिला गोडगोड बोलायचं वळणही नव्हतं.

"काय झालंया? मालक बोलला?"

केरबानं सांगितलं. सगळं, पहिल्या सुईपासून. ती भाकरी थापायची थांबली.

"म्हंजे ती पिल्लं तुमच्या सुईनं मेली?"

"समदी न्हाईत. पण लई."

"आन् त्या म्हाताऱ्या डुकरिणी शनिवारी चालल्यात त्या कशापायी?"

"पिल्लं मारत्यात म्हणून."

"मग मालकास्नी सांगितलंसा?"

"सांगणार हाय."

"कवा? ट्रक गेल्यावर?"

केरबानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात तेच होतं. सुई आजपासून बंद करायची. पिल्लं जगायला लागतील. मालक म्हणेल, बघ, म्हाताऱ्या काढल्या आणि कसा फरक पडला. मॅडम म्हणेल, वयच होतं. केरबा डॉक्टर तो डॉक्टरच राहील. नऊ डुकरिणींशिवाय कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि डुकरिणी आज ना उद्या जायच्याच असतात. हे सगळं त्यानं तीन दिवस मनात इतक्या वेळा घोळवलं होतं की ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं. पण त्याला लाज वाटत होती. थोरलीच्या पिंजऱ्यासमोरून जाताना ती नेहमीसारखी उठून बसायची आणि त्याला मान वर करता यायची नाही.

शनिवारी दहाला ट्रक आला. विक्रीची वाढीव डुकरं आधी चढली. मग विजयसिंह हातात यादी घेऊन म्हाताऱ्या माद्यांच्या गोठ्याकडे निघाले.

"मालक, ह्या नेऊ नगासा," केरबा मध्ये उभा राहिला.

"आता काय काढलंस हे?"

"पिल्लं ह्यांच्यामुळं मेली न्हाईत. माझ्या सुईमुळं मेली. पहिलं पिल्लू आलं की कळांची सुई देत आलोय मी. परत्येकीला. बारा वर्सं."

विजयसिंह हसले. मनापासून हसले, त्यात तिरस्कार काही नव्हता. "अरे मर्दा, तुझा जीव अडकलाय त्यांच्यात, ते मला दिसत नाही व्हय? पण त्यासाठी स्वतःच्या नावावर बिल फाडून घेतोस? तुझ्याएवढा हात अख्ख्या जिल्ह्यात न्हाय. तू पिल्लं मारशील?"

केरबानं रविवारचं सांगितलं, मंगळवारचं, बुधवारचं. विजयसिंहांना ते पटेना. त्यांना वाटलं गुंडूची चूक झाकण्यासाठी किंवा थोरलीला वाचवण्यासाठी हा काहीही बोलतोय. केरबाच्या चांगल्या नावानं त्याची खरी गोष्ट बाहेरच पडू देईना. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला.

केरबा वळला आणि शेडच्या मागे गेला. औषधाच्या रिकाम्या कुप्या डुकरांच्या पायात येऊ नयेत म्हणून तो एका खताच्या पोत्यात टाकायचा. अर्धं पोतं भरलेलं होतं. ते त्यानं फरफटत आणलं आणि मालकाच्या पायाशी, सिमेंटच्या ओट्यावर उपडं केलं. काचेचा खळ्ळकन आवाज झाला. सगळ्या एकाच औषधाच्या कुप्या होत्या, निळ्या अक्षरांच्या.

"हे दोन वर्साचं हाय," केरबा म्हणाला. "म्याडमला इचारा."

विजयसिंहांनी वाकून एक कुपी उचलली, वाचली, आणखी एक उचलली. मग फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. संयोगिता मॅडम गाडीत असावी, मागे रस्त्याचा आवाज येत होता. विजयसिंहांनी विचारलं, तशी ती म्हणाली, "मामांना द्या." आणि मग, "मामा, प्रत्येक मादीला?"

"परत्येकीला, म्याडम."

"किती मिली?"

"तीनपातूर."

पलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "नीट विचारायला हवं होतं. वयाचं नंतर बघू. आधी सुई थांबवा आणि तीन महिने मला आकडे द्या."

फोन बंद झाला. विजयसिंह केरबाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं तूच मारत हुतास म्हण की."

"व्हय, मालक."

ट्रकचा माणूस, गुंडू, डुकरांना पेंड घालणाऱ्या दोन बायका, सगळ्यांनी ते ऐकलं. केरबाला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसती पिल्लं आठवत राहिली, घमेल्यातली.

त्या पाच जणींतली पायानं लंगडी झालेली एक मादी तेवढी ट्रकमध्ये चढली, तिचा इलाज नव्हता. बाकीच्या चौघी राहिल्या. ट्रक गेल्यावर विजयसिंह ओट्यावर बसले आणि एका पायानं कुप्या पोत्याकडे सारत म्हणाले, "झालं ते झालं. आता सुई बंद. खोली तुझ्याकडंच राहू दे. दुसरा माणूस कुठनं आणू मी?"

मालकाच्या मनाचा हा मोठेपणा म्हणावा की त्याची सोय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. केरबानं नकाराची मान हलवली.

"माझ्याकडं नगो. गुंडूकडं द्या."

गुंडू दचकला. "मला? मला काय येतंय?"

"तुला बसाय येतंय," केरबा म्हणाला. "मला आलं न्हाई. माझा हात ऱ्हाणार न्हाई, मालक. आज ऱ्हाईल, उद्या ऱ्हाईल, परवा पुन्हा फ्रिज उघडंल. मी हाताखाली ऱ्हातो. अडली तर हात घालीन. पण कवा घालायचा ते त्यानं सांगायचं."

फार्मवरच्या माणसांना यावर हसावं की काय करावं ते कळेना. ज्या गुंडूला बादली आणायला पाठवायचे त्याच्या हाताखाली डॉक्टर. पेंडवाल्या बायकांतली एक फिस्सकन हसली, आणि कुणीच साथ दिली नाही म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

सोमवारी सकाळी नऊला अठ्ठावीस नंबर लागली. सातवं वेत, यादीतली. गुंडू स्टुलावर बसला. केरबा कोमट पाणी, फडकी आणि साबण घेऊन बाजूला उभा राहिला. चार पिल्लं झाली, सहा झाली, नऊ झाली. मग मादी थांबली. पोट उगाच हललं आणि शांत झालं. पंधरा मिनिटं गेली. बाहेर पेंडीची गाडी आली आणि रिकामी होऊन गेली. वीस मिनिटं झाली. केरबाच्या कपाळावर घाम आला. त्यानं बाह्या वर केल्या, साबणानं हात कोपरापर्यंत धुतले आणि पुढे वाकला.

"गुंडू, घालू काय हात?"

गुंडूनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मादीच्या पोटाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. त्याला कसलीच घाई नव्हती.

"न्हाई, तात्या. थांबा जरा."

केरबा ओले हात तसेच पुढे धरून थांबला.